आजींचा नंबर कुठे गेला?

काय दोस्तांनो, तुमच्या घरी अजून तारेचा फोन आहे का? तोच हो, कोपऱ्यातल्या स्टुलावर विणलेला रुमाल पांघरून बसलेला! असेल, आणि घरात नवं इंटरनेट घ्यायचं चाललं असेल, तर आजचं हे पान आधी आईबाबांना वाचायला द्या.

आमच्या शेजारच्या आजींचं काय झालं, सांगतो. त्यांच्याकडे तीस वर्षं एकच नंबर. गावाकडची भावंडं, आजोबांचे मित्र, कोपऱ्यावरचा वाणी, सगळ्यांना तो तोंडपाठ. नातवाला हवं होतं वेगवान इंटरनेट. नव्या कंपनीची माणसं आली, फायबर टाकून गेली. मग घरच्यांनी जुन्या कंपनीकडे इंटरनेट बंद करायचा अर्ज दिला. आठ दिवसांनी आजींनी रिसीव्हर उचलला, तर टोनच नाही! "अगं आजी, वायर निघाली असेल," नातू म्हणाला. वायर जागच्या जागी होती. गेला होता तो नंबर.

आता इंटरनेट बंद केलं तर फोन का जावा? जुन्या पद्धतीच्या ब्रॉडबँडमध्ये तांब्याच्या एकाच जोडतारेतून दोन्ही गोष्टी येतात. आपलं बोलणं सेकंदाला साधारण ३४०० कंपनांच्या आत मावतं, आणि इंटरनेट त्याच्या बरंच वरून धावतं. भिंतीवरची ती छोटी डबी, स्प्लिटर, दोघांना वेगळं करते. तार एक, वाटा दोन! कंपनीच्या दप्तरात मात्र ते बहुधा एकच कनेक्शन असतं. अर्जात नुसतं 'कनेक्शन बंद करावे' असं लिहिलं, की दोन्ही वाटा बंद.

तुम्ही म्हणाल, मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते की! येते. २० जानेवारी २०११ पासून देशभर ती सोय आहे. पण ती मोबाईलची. घरच्या फोनचा नंबर जागेला बांधलेला असतो. पुण्याचा कोड ०२०, नागपूरचा ०७१२, आणि पुढचे आकडे सांगतात कुठलं एक्स्चेंज ते. (गंमत बघा: सुरुवातीचा शून्य सोडला तर कोड आणि नंबर मिळून दहाच आकडे होतात. म्हणून पुण्यात नंबर आठ आकडी, नागपुरात सात.) नवी कंपनी फायबरबरोबर फोन देते, पण नंबर तिचा, नवा.

आजींच्या नातवाने मग त्यांची डायरी घेतली आणि 'अ'पासून सगळ्यांना नवा नंबर कळवला. दोन संध्याकाळी गेल्या. काही नंबर लागलेच नाहीत. ती माणसं अजून आजींचा जुनाच नंबर फिरवत असतील. त्यांना कसं कळवायचं? हे काम जुना फोन चालू असतानाच करायचं असतं. बँक, गॅस, विमा, जिथे जिथे तो नंबर दिलाय तिथेही. आणि फोन ठेवायचाच असेल, तर अर्जात स्पष्ट लिहायचं: 'फक्त ब्रॉडबँड बंद करावे, टेलिफोन चालू ठेवावा.' त्याची पोच घ्यायची. नुसता फोन ठेवला तर महिन्याचं भाडं किती, हेही आधीच विचारायचं.

आणखी एक फरक पावसाळ्यात कळतो. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टची वीज येते, म्हणून घरातली वीज गेली तरी साधा फोन वाजतो. (कॉर्डलेस नाही हं, त्याला घरची वीज लागते!) फायबरमधून येतो नुसता प्रकाश. त्याचं बोलणं करणारा डबा आपल्या प्लगवर चालतो. वीज गेली, की फोन मुका. घरी इन्व्हर्टर असेल तर तो डबा त्यावर आहे का, ते आजच बघून घ्या.