प्लेटलेटची पिशवी : मोजावी तशी पारखावीही

पेरणीपूर्वी शहाणा शेतकरी बियाण्याचे नुसते वजन पाहत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. रुग्णाला द्यावयाच्या प्लेटलेटकडेही याच नजरेने पाहावे, असे आम्हांस वाटते. पावसाळ्यात डेंग्यूचा ताप आला की घरोघरी चर्चा होते ती आकड्याची : किती उतरल्या, किती पिशव्या आणल्या? आणलेली पिशवी कशी आहे, हे क्वचितच कोणी विचारतो.

प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका. जखमेच्या तोंडाशी जमून रक्त थांबविणारे सूक्ष्म कण. रक्तातून वेगळ्या काढल्यावरही त्यांना प्राणवायू लागतो. म्हणून त्यांची पिशवी हवा खेळू देणाऱ्या खास प्लॅस्टिकची असते आणि ती २० ते २४ अंश उष्णतामानात, यंत्रावर संथपणे सतत डुलत ठेवावी लागते. पिशवी फार वेळ निश्चल राहिली तर आत आम्ल साठते व सामू घसरतो. सामू हा शब्द माती परीक्षणामुळे आपल्या परिचयाचा आहे. येथे तो ६ च्या खाली गेला की बिंबिका कामाच्या राहत नाहीत.

पारखण्याची एक साधी रीत आहे. रक्तपेढीतील तंत्रज्ञ पिशवी उजेडासमोर धरून हळूच हलवितो. बिंबिका तबकडीसारख्या चपट्या, म्हणजे धडधाकट असतील, तर आत चमकत्या लहरी फिरताना दिसतात. त्या फुगून गोल झाल्या असतील, तर नुसता निस्तेज गढूळपणा दिसतो. मात्र एवढ्यावर भागत नाही. या उष्णतामानात जंतूही वाढतात आणि ते थोडे असतील तर डोळ्यांना कळत नाहीत. त्यासाठी जंतुतपासणी लागते. साठवणीची मुदत सर्वसाधारणपणे ५ दिवसच ठेवली आहे, तीही मुख्यतः याच कारणाने.

यात आपलेही काम आहे. पिशवी आणावयास गेलेल्या नातलगाने ती बर्फात ठेवू नये. तांबड्या पेशींना थंडावा लागतो, बिंबिकांना नाही. थंडीत ठेवलेल्या बिंबिका रुग्णाच्या शरीरातून लवकर नाहीशा होतात, हे मर्फी व गार्डनर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ मध्येच दाखवून दिले. पिशवी उन्हातही ठेवू नये आणि वाटेत वेळ दवडू नये.

दुसरे, आकडा उतरला म्हणून डॉक्टरांकडे पिशवीचा हट्ट धरू नये. सिंगापूर व मलेशियातील डेंग्यूच्या प्रौढ रुग्णांवरील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा २०,००० वा त्याखाली, पण रक्तस्राव नाही, अशांना बिंबिका देऊन रक्तस्राव टळण्यास अधिक मदत झाली नाही. आपल्याकडील राष्ट्रीय मार्गदर्शनही रक्तस्राव नसल्यास १०,००० च्या खालीच त्या द्याव्यात, असे सांगते. उगाच वापरलेली पिशवी खऱ्या गरजवंताची असते.

तिसरे, वर्षातून एकदाच मोठे रक्तदान शिबिर भरविण्याची आपली पद्धत बदलावी. त्या दिवशीच्या तांबड्या पेशी महिनाभर टिकतील. बिंबिका मात्र सहाव्या दिवशी उरणार नाहीत. पुरुषांना ३ महिन्यांनी व स्त्रियांना ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. तेव्हा प्रत्येक वाड्याने आपला महिना ठरवून पाळीपाळीने रक्त द्यावे. शेताला पाणीही आपण पाळीनेच देतो, एका दिवसात वर्षाचे देत नाही.