माती धरा, पाणी मुरवा

संयुक्त राष्ट्रसंघाने १७ जून हा दिवस वाळवंटीकरण आणि अवर्षण यांविरुद्धच्या लढ्यासाठी राखून ठेवला आहे. १९९४ साली या विषयावर जागतिक करार झाला, त्याची ही आठवण. दर वर्षी त्या दिवशी भाषणे होतात, रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात. आमच्या अनेक वाचकांना मात्र असे वाटते की हा प्रश्न राजस्थानचा, नाहीतर आफ्रिकेतल्या साहेल प्रदेशाचा आहे. चोहीकडे समुद्र आणि डोळ्यांपुढे हिरवागार ऊस असताना आपल्या बेटाचा वाळवंटाशी संबंध काय? हा समज दूर करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम पावसाचा हिशेब पाहू. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर पाणी ओततात. तिथे वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेच वारे डोंगर ओलांडून पश्चिमेला उतरतात तेव्हा रिकामे झालेले असतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर हा आकडा हजाराच्याही खाली येतो. बांबू, कास्कावेल, ब्लॅक रिव्हर ही आपल्या मराठी कुटुंबांची जुनी वस्ती नेमकी या कोरड्या बाजूची आहे. म्हणजे अवर्षणाची झळ जिथे आधी लागते, तिथेच आपली घरे आहेत.

ही झळ केवढी असते ते १९९९ साली सर्वांनी पाहिले. १९९८ मध्ये देशाने सुमारे ६ लाख २८ हजार टन साखर काढली होती. दुष्काळानंतर १९९९ मध्ये ती ३ लाख ७३ हजार टनांवर आली. कारखान्याच्या हिशेबात ही तूट एका ओळीत मावते, पण दोन-तीन आर्पां ऊस लावणाऱ्या छोट्या शेतकऱ्याच्या घरात ते वर्षभराचे कर्ज होते. त्यानंतर २०११ साली आणि २०२२ सालीही धरणांनी तळ दाखवला व नळाला तास ठरवून पाणी आले. उलट १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. पाऊस पडतो, पण थांबत नाही. जमिनीत मुरण्याऐवजी तो माती घेऊन समुद्राला मिळतो. अवर्षण आणि जमिनीची धूप ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

ज्यांचे पूर्वज कोकणातून आले, त्यांना हे कोडे नवे वाटू नये. रत्नागिरीकडे पावसाळ्यात आभाळ फाटते, आणि वैशाखात बायकांना हंडा घेऊन मैलभर चालावे लागते. जांभ्या दगडाची उतरणीची जमीन पाणी धरून ठेवत नाही, एवढेच त्याचे कारण. १८३४ नंतर गिरमिटावर इथे आलेल्या आपल्या माणसांनी शेतांतले काळे दगड हातांनी वेचून त्यांच्या राशी रचल्या आणि मगच ऊस उभा राहिला. आज उसाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या राशी पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: इथली माती कुणाला आयती मिळालेली नाही.

जंगल आणि पाणी यांचे नाते या बेटाला फार पूर्वी कळले होते, हेही सांगितले पाहिजे. फ्रेंच अमदानीत पियेर प्वाव्र या अधिकाऱ्याने १७६९ साली नियम घातला होता की प्रत्येक जमीनदाराने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा, विशेषतः डोंगरउतारावर, जंगलाखाली राखावा. नियम शहाणपणाचा होता. पण पुढच्या शतकात साखरेचा भाव चढला आणि शहाणपण मागे पडले. आज मूळचे चांगले जंगल दोन टक्केसुद्धा उरलेले नाही.

रॉड्रिग्जकडे पाहिले म्हणजे हीच गोष्ट अधिक ठळक दिसते. फ्रांस्वा लगा हा प्रवासी १६९१ साली तिथे उतरला तेव्हा ते बेट झाडांनी भरलेले होते आणि मोठमोठी कासवे कळपांनी फिरत होती. पुढे झाडे तुटली, मोकळ्या उतारांवर गुरे व शेळ्या चरल्या आणि सुपीक थर पावसाबरोबर खाली गेला. १०८ चौरस किलोमीटरच्या त्या बेटाभोवतीचा उथळ समुद्र बेटाच्या दुप्पट आहे. डोंगरावरची माती त्या समुद्रात जाऊन बसली, म्हणून शेतकऱ्याबरोबर ऑक्टोपस पकडून पोट भरणाऱ्या बायांचेही नुकसान झाले. उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यांची शेते केली गेली, ती योग्यच होती. पण बांध एकदा घालून भागत नाही. त्याची दर पावसाळ्यानंतर डागडुजी करणारा, आणि ती का करायची हे जाणणारा माणूस गावात असावा लागतो. परदेशी मदतीने सिमेंट येते. असा माणूस मात्र गावातच तयार करावा लागतो.

आमचे मुख्य म्हणणे हेच आहे. हल्ली प्रत्येक अहवालात ‘क्षमता’ आणि ‘नवे तंत्र’ हे शब्द वाचायला मिळतात. त्यांचा अर्थ राजधानीतल्या हॉटेलात भरलेले चर्चासत्र असा होऊ नये. क्षमता म्हणजे काय ते महाराष्ट्रातल्या दोन गावांनी दाखवले आहे.

१९७२ च्या भीषण दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे, माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, असे ठरले. भूमिहीनांचाही त्यात वाटा होता, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही असे बंधन होते. दुसरे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने डोंगरावर समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले, शेतीसाठी विंधनविहिरी घेणे बंद केले. दर वर्षी पाऊस मोजून गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कोणते पीक घ्यायचे ते त्यावर ठरते. यात महागडे यंत्र एकही नाही. गावाने मोजायला शिकायचे आणि मोजल्याप्रमाणे वागायचे, हेच तिथले नवे तंत्र आहे.

तिकडचे सगळे जसेच्या तसे इथे लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. ऊस हा तिथे पाणी पिणारा पाहुणा आहे, इथे तो मातीचा राखणदारही आहे. खोडव्यावर खोडवा घेत वर्षानुवर्षे उभे राहणारे हे पीक जमीन झाकून ठेवते, आणि पाचट न जाळता शेतात पसरले तर ओलावाही टिकतो. म्हणून आजची परिस्थिती आम्हांला काळजीची वाटते. युरोपने २००६ पासून साखरेचा भाव ३६ टक्के उतरवला, त्यानंतर अनेक छोट्या शेतकऱ्यांनी ऊस सोडला. कुठे शेत गवताला व काटेरी झुडपांना दिले, कुठे उतारावर उभ्या सऱ्या पाडून भाजी लावली, कुठे जमीन बंगल्यांसाठी विकली. उघडी पडलेली माती पहिल्याच वादळात जाते, आणि सिमेंटखाली गेलेल्या जमिनीत पाण्याचा थेंब मुरत नाही.

‘मुलांना शेती नको, मग जमीन ठेवून काय करायचे?’ असे वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मुलाने शिकून बँकेत वा शाळेत नोकरी करावी यात गैर काहीच नाही. पण आर्पांभर जमिनीवर उतार आडवून आंबा, लिची, फणस लावता येतो. त्याला रोजची राबणूक नको आणि माती जागच्या जागी राहते. विकलेली जमीन परत येत नाही, एवढे तरी विकण्यापूर्वी मुलांना विचारात घेऊन बोलावे.

सरकारकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. नळयोजनेतले निम्म्याहून अधिक पाणी मीटरपर्यंत पोचतच नाही. नवे धरण मागण्याआधी जुने नळ दुरुस्त करावेत. शेतीखात्याच्या सल्लागारांनी कागद न पाठवता बांधावर यावे आणि शेतकऱ्याच्या बोलीत बोलावे. ऊस सोडणाऱ्याला पुढे काय लावावे हे दाखवणारे एक तरी शेत प्रत्येक कोरड्या भागात असावे.

परंतु सर्व काही सरकारने करावे असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या घरांना सपाट छपरे आहेत. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. पश्चिमेचा ८०० मिलिमीटर पाऊस धरला तरी वर्षाला ८० हजार लिटर. त्यातला चौथा भाग टाकीत साठला तरी परसातली भाजी जगेल. गणेशोत्सवासाठी झटणाऱ्या आपल्या मंडळींनी मंदिराच्या छपरापासून सुरुवात करावी. बैठकांमध्ये मराठी शिकणाऱ्या मुलांच्या हाती एक पर्जन्यमापक द्यावा आणि महिन्याचा आकडा फळ्यावर लिहावा. या पानावर ते आकडे छापायला आम्ही आनंदाने जागा देऊ. पाऊस मोजणारे मूल उद्या पाणी वाया घालवणार नाही.

गणपतीची मूर्ती आपण मातीची करतो आणि पाण्यात विसर्जित करतो. ज्या दोन गोष्टींवाचून आपली पूजा होत नाही, त्या दोन्हींची वर्षभर राखण करणे हाही त्या पूजेचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.