गाडी जाते, तंबू राहतो

कॅम्परव्हॅनला जोडायचा, पण गाडी निघाली तरी जागेवर उभा राहणारा तंबू घ्यावा का? खर्ड्यासारख्या जामखेड तालुक्यातल्या गावांना हा हिशेब नवा नाही. ऊसतोडीला गेलेल्यांची बैलगाडी ऊस भरून कारखान्यावर जाते. ताडपत्रीची कोपी मात्र तळावरच राहते, आत तीन दगडांची चूल, पिठाचा डबा आणि झोपलेलं लेकरू घेऊन. मुक्काम काही महिन्यांचा, म्हणून ती उभारण्याचा खटाटोप परवडतो. १७९५ साली खर्ड्यावर भिडलेल्या मराठे-निजाम फौजांनाही मुक्काम पाहूनच राहुट्या ठोकाव्या लागल्या असतील. तेव्हा एकाच जागी दोन-चार रात्री राहून गाडीने आसपास हिंडणार असाल, तर खुशाल घ्या. रोज नवं गाव गाठायचं असेल, तर निम्मी सुट्टी खुंट्या ठोकण्या-उपटण्यातच जाईल. टपाला बांधलेली ताडपत्री पुरे.