विकतची ऊब आणि उसने विज्ञान

१९३३ पासून अखेरपर्यंत रामन ज्या बंगळुरूत प्रकाशाचा अभ्यास करीत राहिले, त्याच शहरात राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या तोंडावर ‘अवरक्त सौना शरीरात खोलवर शिरून विषद्रव्ये काढतो’ अशी जाहिरात झळकावी, हा दैवदुर्विलास होय.

वीनचा नियम सांगतो: वस्तू जितकी तप्त, तितकी तिच्या प्रखरतम प्रारणाची तरंगलांबी कमी. ९० अंश सेल्सिअसच्या कार्बन पट्टीसाठी ती सुमारे ८ मायक्रोमीटर, ३०० अंशांच्या सिरॅमिक नळीसाठी ५. हे दोन्ही किरण त्वचेतील पाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागातच शोषून घेते. उष्णता पुढे नेते ते रक्त. मग ‘कार्बन की सिरॅमिक’ या वादात औषधी गुण आला कोठून? एकीची आच मंद व पसरट, दुसरीची प्रखर, एवढाच भेद. आजीची शेगडीही अवरक्त किरणच देत असे. यकृत आणि मूत्रपिंडांचे काम आपण करतो, असा दावा तिने कधी केला नाही.

ऊब सुखद असते. ती ऊब म्हणूनच विकावी. मूत्रपिंडाचा रुग्ण उपचार सोडून त्या पेटीत बसला, तर उत्तरदायी कोण? विक्रेता तर आहेच. पण हे सारे ठाऊक असून गप्प राहिलेले आम्ही संशोधकही.