चित्रे किती?

संतकवी दासोपंतांची पासोडी, म्हणजे त्यांनी ओव्या लिहिलेले कापड, किती लांब, हे अंबाजोगाईत कुणालाही विचारावे. सुमारे ४० फूट. रुंदी? ४ फूट. लिहिलेय काय? ‘पंचीकरण’. ओव्यांचा आकडाही कुणीतरी देईल. मग विचारावे, चित्रे किती? इथे गाडी अडते. ‘आहेत की, बरीच आहेत.’

दासोपंतांच्या बाबतीत मोजायचा आळस आपण एरवी केलेला नाही. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, हे मराठी घेऊन बी. ए. झालेल्या कुणालाही पाठ असते. जन्म शके १४७३, समाधी शके १५३७. लेखनाला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, ही आख्यायिका तर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. म्हणजे शाईचा रोजचा खर्चसुद्धा आपण टिपून ठेवला आहे. त्या ओव्यांच्या सोबतीने कापडावर ज्या आकृत्या आणि चित्रे उतरली, त्यांची बोळवण मात्र एका विशेषणावर होते. पासोडी सचित्र आहे. झाले.

विषय दासोपंतांचा नाही, व्यंगचित्रकारांचा आहे. ५ मे आला की जागतिक व्यंगचित्रकार दिन साजरा होतो. मुंबई-पुण्याला प्रदर्शन, जिल्ह्याच्या गावी एखादे प्रात्यक्षिक, शाळेत कार्यशाळा. फळ्यावर दोन मिनिटांत प्रमुख पाहुण्यांचा चेहरा. टाळ्या. हा दिवस मुळात न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्रातल्या एका टकल्या पोराचा. ५ मे १८९५. पुढे त्याच्या अंगात पिवळा अंगरखा आला आणि त्याचे बोलणे त्या अंगरख्यावरच छापले जाऊ लागले. आधुनिक कॉमिकची जन्मकथा सांगणारे आजही त्या अंगरख्याकडे बोट दाखवतात. इकडे अंबाजोगाईत मजकूर आणि चित्र एकाच कापडावर चारशे वर्षे शेजारी नांदत आहेत. व्यंगचित्रकाराचा त्या कापडाशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

छाती फुगवण्याचे मात्र कारण नाही. पासोडी हे जगातले पहिले कॉमिक, असला दावा इथे करायचा नाही. मोबाइलवर असले दावे पुढे ढकलणारे पुष्कळ आहेत, त्यांत भर नको. पासोडीत गोष्ट नाही, पात्रे नाहीत, ‘पुढे काय झाले’ ही ओढ नाही. पंचमहाभूतांचा पसारा समजावून सांगण्यासाठी केलेली ती मांडणी आहे. पण मांडणी आहे, आणि खरा मुद्दा तिथेच आहे. ४० फुटांच्या कापडावर ओवी आणि आकृती दोन्ही बसवायच्या, तर कुणीतरी कुणाला तरी जागा द्यावी लागते. आकृती आधी काढली आणि ओव्या तिच्या कडेने नेल्या? की ओव्या लिहून झाल्यावर उरल्या जागेत आकृती बसवली? की दोन्हींची आखणी आधीच झालेली होती? कागदावर चुकले तर कागद बदलता येतो. सलग कापडावर तिसाव्या फुटाला अंदाज चुकला तर काय करायचे?

पाठभेद तपासणाऱ्याला हे प्रश्न पडायचे नाहीत. त्यात त्याचा दोष नाही, त्याचे काम वेगळे. व्यंगचित्रकाराला ते पहिल्या मिनिटाला पडतील. त्याचे रोजचे दुखणे हेच आहे. चित्रात बोलण्याचा फुगा कुठे ठेवायचा, कुणाचे बोलणे आधी वाचले जाईल, अक्षरांसाठी पात्राचा हात कुठे मुडपायचा, यावर त्याचा अर्धा दिवस जातो. मराठीत हे दुखणे जास्त. ‘वेताळ’चे कॉमिक मराठी वाचकाने वाचले, ते इंग्रजीसाठी काढलेल्या फुग्यांत. इंग्रजीतली मोठी अक्षरे एका उंचीची, ओळीला ओळ चिकटवून बसवता येतात. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार लागतो आणि खाली उकार. ओळ उंच होते. इंग्रजीच्या चार ओळी मावतात तिथे मराठीच्या तीन मावण्याची मारामार. मग अक्षर बारीक करा, नाहीतर वाक्य तोडा. वाचणाऱ्याला वाटले, कॉमिकातली माणसे असेच तुटक बोलतात. मराठी अक्षराची उंची धरून मराठी चौकट आखणे हे वेगळे काम आहे, आणि ते होऊ शकते. ‘सकाळ’मध्ये १९९१ साली सुरू झालेल्या ‘चिंटू’ने ते रोजच्या रोज करून दाखवले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही दोन्ही नावे त्यामुळे घराघरांत गेली. त्यानंतर त्या तोडीचे तिसरे नाव घ्यायला सांगितले, तर बहुतेकांना थांबावे लागते.

का थांबावे लागते, हे दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत वाचायला मिळते. वर कथा: शीर्षक, लेखक, पान. मग लेख, मग कविता. अगदी चार ओळींच्या कवितेलाही कवी आणि पान. आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘व्यंगचित्रे’. पुढे स्वल्पविराम देत पाच-सात नावे. पान क्रमांक नाही. का नाही, ते संपादकाला विचारू नये; उत्तर त्याला अडचणीचे आहे. अनुक्रमणिका लागते तेव्हा व्यंगचित्र कुठे जाणार, हे ठरलेलेच नसते. कथा जिथे अर्ध्या पानावर संपेल तिथे ते जाईल. ते ठरवतो पाने लावणारा, रात्री उशिरा, उरलेली जागा बघून. चित्रकाराने आडवे काढले आणि जागा उभी निघाली, तर चित्र दाबून बसवले जाते. कधी कडेची सही कापली जाते. असे करणारे अंक सामान्य असतात असेही नाही. चांगले नावाजलेले असतात, त्यांना पारितोषिकेही मिळतात.

मराठी वाचकाला चित्र वाचता येत नाही, ही सबब इथे चालणार नाही. याच मराठीत अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ची मुखपृष्ठे शि. द. फडणीसांच्या हवाली केली, आणि एकही शब्द नसलेली ती चित्रे वाचकांनी डोक्यावर घेतली. याच मराठीत ‘ललित’मधल्या ठणठणपाळाला चेहरा दिला वसंत सरवटे यांनी. लिहिणारे जयवंत दळवी पडद्याआड होते तेव्हा वाचकासमोर होता तो सरवट्यांनी काढलेला ठणठणपाळच. आणि मराठवाड्यापुरते बोलायचे, तर नांदेडचे कथाकार मधुकर धर्मापुरीकर वर्षानुवर्षे व्यंगचित्रे जमवत आले, त्यांवर गंभीरपणे लिहीत आले. चित्र बघावे कसे, हे सांगणारा माणूस विभागातच आहे. त्याला अजून किती जणांनी विचारले, ते ज्याचे त्याने आठवावे.

एक प्रसंग असा येतो की चित्राचा पान क्रमांक सर्वांना पाठ होतो. भावना दुखावल्या की. डॉ. आंबेडकरांना गोगलगाईवर बसवलेले शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात २००६ पासून छापलेले होते. सहा वर्षे मुलांनी ते पुस्तक वाचले, शिक्षकांनी शिकवले, परीक्षा झाल्या. मे २०१२ मध्ये ते दिसले. संसदेत गदारोळ झाला, पुण्यात त्या पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. ज्यांना ते चित्र बोचले त्यांचा राग खोटा होता, असे म्हणायचे नाही. पण सहा वर्षे ते पान उलटणाऱ्या हजारोंनी त्या चित्राकडे पाहिलेच नव्हते, हेही तितकेच खरे. मजकूर वाचायचा आणि चित्रावरून नजर सरकवायची, ही सवय आपल्याला शाळेतच लागते. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा पाहा. अंबाजोगाईची मुलेही बसतात. इंटरमिजिएटमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही खूश असतात. स्मरणचित्राचा पेपर वेगळा, अक्षरलेखनाचा वेगळा. दोन्ही एका कागदावर आणून काही सांग, असे मुलाला म्हणणारा पेपर नाही.

व्यंगचित्रकाराला या राज्यात मान मिळाला नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. १९६० साली ‘मार्मिक’ काढणाऱ्या माणसाच्या शब्दाखातर पुढे मुंबई बंद होत असे. पण तो मान पक्ष काढल्याचा होता. बाळासाहेब ठाकरे यांच्या ब्रशचे गुणगान करणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचे एखादे चित्र डोळ्यांसमोर आणता येते? चित्राच्या जोरावर कुणी दुसरे काही मिळवले की ते आपण मोजतो. तेच अंबाजोगाईतही झाले आहे. १९८३ साली इथे साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. लिहिणारा आणि रेखाटणारा हात एकच असलेला माणूस. ‘जनावनातली रेखाटणें’ त्यांचेच. अध्यक्षपद मिळाले ते अर्थातच लेखक म्हणून, आणि त्यात गैर काही नाही. पण केवळ व्यंगचित्रकार म्हणून त्या खुर्चीत आजवर कुणीही बसलेला नाही. सरवट्यांनी चित्रांतून मराठी साहित्यावर केलेली टीका पुष्कळशा छापील समीक्षेपेक्षा धारदार होती, तरीही.

तेव्हा मागणी अध्यक्षपदाची नाही. पुरस्काराची, भवनाची किंवा चौकाला नाव देण्याचीही नाही. ती कामे करायला मंडळी तत्पर असतातच. मागणी मोजणीची आहे. पासोडीच्या पाठावर, मोजमापांवर काम होत राहील, व्हावेच. त्यातला एक वाटा रेषेच्या माणसांकडे द्यावा. येत्या ५ मे रोजी अंबाजोगाईत पाहुण्यांचा चेहरा फळ्यावर काढून घेण्यापेक्षा तालुक्यातल्या दोन-तीन चित्रकला शिक्षकांना आणि बाहेरून येणाऱ्या एखाद्या व्यंगचित्रकाराला पासोडीच्या स्वच्छ छायाचित्रांसमोर बसवावे. मूळ कापडाला हात लावू नये. ते जुने आहे आणि उलगडून बघण्याच्या हौसेने त्याचे आयुष्य वाढणार नाही. पहिल्या फुटापासून सुरुवात करावी. आकृती कितवी, कुठल्या ओवीशेजारी, रुंदी किती. मजकूर तिला वळसा घालतो की तिच्यावर चढतो. आखणीच्या खुणा कुठे दिसतात का. एका फुटात शंका आली तर ती शंका म्हणूनच नोंदवावी, निष्कर्षाची घाई नको. भाषणे नंतर.

ही यादी झाली की ती ‘पंचीकरण’च्या पुढच्या आवृत्तीत ओव्यांच्या सूचीशेजारी छापावी. आणि ज्यांनी आकृत्या मोजल्या त्यांची नावे संपादकांच्या नावांसोबत घालावीत, त्याच टायपात.