जुन्या चालीची नवी मोटार

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत सध्या एक मोटार उभी आहे. दोघांपुरती, वर टप नाही, दारे नाहीत. लांब नाकाचे बॉनेट चामड्याच्या पट्ट्याने आवळलेले, चाके तारांच्या आऱ्यांची, आणि मडगार्ड सायकलीला असतात तसे बारीक, चाकालगत. नव्वद वर्षांपूर्वी युरोपातील शर्यतींत धावणाऱ्या मोटारींची छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ती ओळखीची वाटेल. तिचा सांगाडा व इंजिन १९३९ सालच्या फोर्ड व्ही-८ चे आहे. अंग मात्र अवघ्या तीन वर्षांपूर्वी बेळगावच्या एका वृद्ध मिस्त्रींनी हाताने ठोकून घडविले. हिला जुनी म्हणावे की नवी, खरी म्हणावे की नकली, हा प्रश्न वरवर रिकामटेकड्या हौशी मंडळींचा वाटतो. पण कायद्याने त्याचे जे उत्तर देऊन ठेवले आहे, त्यापायी ही मोटार वखारीच्या फाटकाबाहेर पडू शकत नाही.

गाणे शिकविणाऱ्या माणसाने मोटारींच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. माझे वडील कोल्हापूर दरबारच्या शेवटच्या पिढीतले गवई. संस्थान १९४९ च्या मार्चमध्ये विलीन झाले तेव्हा ते आपल्या वडिलांच्या मागे तंबोऱ्यावर बसणारे पोरगेच होते. दरबार संपला, पण सणासुदीची सेवा पुढे पुष्कळ वर्षे चालू राहिली. माझ्या लहानपणी दसऱ्याला ते मला दसरा चौकात नेत. राजघराण्याची ती मेबॅक मोटार सोहळ्यास आली, की आमच्याभोवतीची गर्दी महाराजांकडे पाही आणि वडील इंजिनाकडे कान लावीत. "मंद्रातला षड्ज आहे," म्हणत. तो खरोखर षड्ज होता की नाही, कोण जाणे. पण मोटार ही ऐकावयाचीही वस्तू आहे, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

आजच्या वाचकास एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी उंची मोटार आजच्यासारखी सगळीच्या सगळी एका कारखान्यातून बाहेर पडत नसे. सांगाडा, इंजिन आणि चाके एकाकडून घ्यावयाची, आणि अंग दुसऱ्या कारागिराकडून आपल्या मनाजोगे बांधून घ्यावयाचे. लाकडाची चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा ठोकलेला पत्रा. पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी घराणीच पुढे या धंद्यात शिरली. आपल्या मराठी संस्थानिकांत या बाबतीत इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या रसिकतेला तोड नव्हती. त्यांच्या ड्यूसेनबर्ग मोटारीचा सांगाडा अमेरिकेतला, अंग लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडचे, रंग केशरी नि काळा. ड्यूसेनबर्ग हे शर्यतींतले घराणे; १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री त्यांनी जिंकली होती. महाराजांच्या गाडीत तीच शर्यतीची ऐट दोन माणसांच्या अंगात उतरली होती. ती मोटार आज परदेशात आहे. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर कितीतरी वाड्यांतल्या मोटारी कवडीमोलाने गेल्या. काही परदेशी, काही भंगारात. आपल्या भागात तर कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड, मुधोळ अशी संस्थाने एकमेकांना खेटून होती. त्यांतल्या गाड्यांचे काय झाले, हे वाचकांपैकी काहींच्या घरी अजून सांगितले जात असेल.

अस्सल गाड्या अशा दुर्मिळ झाल्या, आणि मग जगात एक नवीनच प्रकार सुरू झाला: जुन्या शर्यतीच्या गाडीच्या चालीवर नवी गाडी हाताने बांधावयाची, आणि शौकिनांनी ती जमवावयाची. यात भले-बुरे दोन्ही आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी मर्सिडीजच्या १९२८ च्या एस.एस.के. गाडीवरून 'एक्सकॅलिबर' काढली. मला ती कधीच रुचली नाही. नुसता झगमगाट, वरातीतल्या घोड्यावर चढविलेल्या साजासारखा. उलट १९६५ मध्ये इटलीतल्या झागातो यांनी एका मोटार-मासिकाच्या सांगण्यावरून जी अल्फा रोमिओ बांधली, तिची गोष्टच निराळी. मूळ १७५० ची अंगेही त्यांच्याच घराण्याने बांधलेली, आणि त्याच जातीच्या गाडीतून नुव्होलारीने १९३० ची मिल्ले मिलिया शर्यत जिंकलेली. पस्तीस वर्षांनी त्याच घराण्याने आपलीच बंदिश पुन्हा मांडली. अवघ्या ९२ गाड्या झाल्या. अर्जेंटिनातील पाराना गावी 'पुर सांग' नावाचा कारखाना तर १९२४ च्या बुगाटीसारखी गाडी इतकी हुबेहूब घडवितो, की जाणत्यालाही वाकून पाहावे लागते.

आपल्याकडे हे झाले ते अलिबागेस. गुइडो आणि शमा बोथे या दांपत्याच्या 'चिंकारा मोटर्स'ने तेथे एक उघडी रोडस्टर बांधली. तिची चाल कॉलिन चॅपमन यांच्या १९५७ च्या लोटस सेव्हनची, अंग फायबरचे, आणि पोटात आपल्या ॲम्बॅसडरचे इसुझू इंजिन. ज्या इंजिनाने अर्ध्या सरकारी अधिकाऱ्यांना संथपणे कचेरीत पोहोचविले, तेच त्या हलक्या अंगात बसविल्यावर वासरासारखे उधळते.

निपाणीच्या आमच्या गृहस्थांकडे अशी एक अलिबागची रोडस्टर आहे. हे तंबाखूच्या व्यापारातले जुने घराणे. त्यांच्या मुलीला मी गाणे शिकवितो, त्यामुळे येणेजाणे. रोडस्टरचा क्रमांक महाराष्ट्राचा, निपाणी कर्नाटकात. मोटार-कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी राहिली तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, कर भरावा लागतो. म्हणून ती गाडी असते कागलला चुलतभावाकडे आणि सणावारी कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीस येते. माहेरवाशिणीसारखी. सीमाभागातल्या माणसांना याचे हसू येते, तसे आणखीही काही येते, ते असो.

फोर्डची कथा मात्र वेगळी. ती त्यांच्या आजोबांनी घेतलेली. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्या काळचा तिचा क्रमांक, आणि कागदही जपून ठेवलेले. चाळीस वर्षे ती वखारीमागे पडून होती. पत्रा इतका गंजला, की हात लावला तर भुगा पडे. सांगाडा आणि इंजिन तेवढे शाबूत. बंद पेटीसारखे मूळ अंग पुन्हा करण्याइतके काही उरलेच नव्हते. तेव्हा त्यांनी ठरविले, की या सांगाड्यावर शर्यतीच्या धाटणीचे उघडे अंग बांधावयाचे. तसे अंग बांधू शकणारा माणूस बेळगावात निघाला.

हे मिस्त्री पंचाहत्तरीचे. सारा जन्म ट्रकच्या केबिनी आणि बसची अंगे ठोकण्यात गेला. त्यांच्याकडे मी तीन-चारदा गेलो. आधी लाकडाचा साचा केला, पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर बसविले, मग वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी हातोड्याने खोलगट करीत आणला. पत्रा ठोकून ताठर झाला, की तापवून पुन्हा मऊ करावयाचा. बॉनेटचा एक भाग मला तयार वाटला, पण त्यांनी त्यावर बोटाने टिचकी मारली आणि मान हलविली. "मास्तर, आवाज बघा की. इथं भरीव येतोय, इथं पोकळ. पत्रा सारखा नाही बसला." मी कान दिला. खरोखर फरक होता! मिरजेला भोपळा निवडताना तंबोऱ्याचे कारागीर असेच टिचकी मारून ऐकतात. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. राजांच्या लढाया संपल्या, तेव्हा ते हात वाद्यांकडे वळले. त्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या मिस्त्रींचा मुलगा हत्तरगीच्या विमानाच्या सुट्या भागांच्या वसाहतीत यंत्रावर काम करतो, चांगले मिळवितो. त्याने हातोडा धरलेला नाही. धरावा तरी कशासाठी? बसची अंगे आता कारखान्यातूनच येतात, आणि या मोटारीसारखे दुसरे काम मिस्त्रींकडे आलेले नाही.

येणारही नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली, ती स्तुत्यच आहे. पन्नास वर्षांवरचे वाहन, 'व्ही ए' अक्षरांचा क्रमांक, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. आधी नोंदलेल्या गाडीस आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. पण अट अशी, की सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे फोर्ड इथे बसत नाही. सर्वसाधारण नोंदणीत ठेवावी, तर कारखान्याच्या मूळ रचनेत बदल केलेला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टच केले. आणि सर्वस्वी नवी गाडी म्हणून न्यावी, तर पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थेच्या ज्या चाचण्या कराव्या लागतात, त्या हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेल्या. एका गाडीसाठी तो खर्च कोण करील?

या अटींमागचा हेतू मला मान्य आहे. रस्त्यावरची सुरक्षितता खेळण्यातली नाही. शिवाय नकली गाडी अस्सल म्हणून विकणारेही आहेत, त्यांना आळा हवाच. परंतु नक्कल या शब्दाविषयी आम्हा गाणाऱ्यांचा अनुभव थोडा वेगळा आहे. याच जिल्ह्यातल्या सुळेभावीस १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी थोरथोर गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा म्हणून दाखवीत, आणि लोक थक्क होत. ती नक्कलच होती. पण ती कोणाची हे सांगून केलेली होती, आणि पुढे देवधर मास्तरांकडे गेल्यावर तिच्यातूनच स्वतःचे गाणे उगवले. माझ्या वर्गातही मुले आधी माझा आवाज काढतात. मी त्यांना थांबवीत नाही. फक्त बंदिश कोणाची आहे, ते आधी सांगावयास लावतो.

गाडीनेही एवढे सांगितले तर पुरे. इंग्लंडमध्ये जुन्या-नव्या भागांची जुळणी करून बांधलेल्या आणि वय ठरविता न येणाऱ्या गाडीस 'क्यू' अक्षराचा क्रमांक देतात. पाटी पाहताच कळते, की ही अस्सल जुनी नव्हे. एकेका गाडीची सुरक्षा-तपासणीही तिथे होते. अमेरिकेने २०१५ च्या कायद्यात लहान कारखान्यांना वर्षाला ३२५ पर्यंत अशा गाड्या बांधण्याची मुभा दिली. नमुना किमान पंचवीस वर्षांपूर्वीचा असावा, एवढी अट. आपल्याकडे 'व्ही ए'च्या शेजारी आणखी दोन अक्षरे का असू नयेत? ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर यांची एकेका गाडीची कसून तपासणी करावी, वर्षाकाठी किती मैल चालवावी त्यावर मर्यादा घालावी, आणि पाटीवर स्पष्ट लिहावे की ही जुन्या चालीची नवी गाडी आहे. कोल्हापूरचे उद्यमनगर, बेळगावच्या फौंड्रीज, दोन्हींच्या मधला हा सारा पट्टा ओतकामाचा नि यंत्रकामाचा. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत 'मीरा' ही छोटी मोटार स्वतःच्या बळावर घडविली होती. तिला परवानगीची वाट मोकळी मिळाली नाही, हेही जुन्या वाचकांस आठवत असेल. दोन्ही राज्यांच्या परिवहन खात्यांनी याबाबत दिल्लीला लिहावे. सीमेच्या वादाशी याचा काडीचा संबंध नाही.

गेल्या महिन्यात मी शिकवणीसाठी गेलो होतो तेव्हा मिस्त्रीही आले होते. गृहस्थांनी इंजिन सुरू केले. आठ नळ्यांचा तो आवाज वखारीच्या पत्र्याखाली घुमला, आणि तंबाखूच्या धुळीने सगळ्यांना एकदम शिंका आल्या. मिस्त्रींना शेजारी बसवून त्यांनी आवारात दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला गाडी फाटकापर्यंत गेली. पलीकडे पुणे-बंगळूर रस्ता, आणि दक्षिणेस तवंदीचा घाट. गृहस्थांनी थोडा वेळ गाडी तशीच उभी ठेवली, मग मागे घेतली. मिस्त्री उतरले, बॉनेटवर टिचकी मारून त्यांनी ऐकले, आणि पट्टा एक भोक पुढे आवळला.