मँचेस्टर नावाचे कापड

जर्मनीत जाड कॉर्डरॉय कापडाला आजही ‘मँचेस्टर’ म्हणतात. स्वीडिश आणि चेक भाषांतही थोड्याफार उच्चारभेदाने याच शहराचे नाव त्या कापडाला चिकटले आहे. ‘राजाची दोरी’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून ‘कॉर्डरॉय’ आले, ही दंतकथा लोकप्रिय आहे. परंतु खुद्द फ्रान्समध्ये त्याला ‘रेघांची मखमल’ अशा अर्थाचे निराळेच नाव आहे. ज्या भूमीत कापसाचे शेत नाही, तेथील शहराचे नाव एका सुती कापडाला मिळावे, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या देशाने विचार करण्यासारखी आहे.

कॉर्डरॉयमध्ये नेहमीच्या विणीखेरीज एक जादा बाणा असतो. तो काही उभ्या धाग्यांवरून मोकळा सोडलेला असतो. विणून झाल्यावर हे मोकळे धागे उभ्या ओळींत कापायचे आणि ब्रशने तंतू उभे करायचे, की शेतातील सरी-वरंब्यांसारख्या रेघा उठतात. पूर्वी इंग्लंडमध्ये कारागीर लांब मेजावर कापड ताणून हे काम हाताने करीत. यॉर्कशायरमधील हेब्डन ब्रिज हे गाव याच धंद्यावर नावारूपास आले. लँकेशायरच्या गिरण्यांना रुई अमेरिका, इजिप्त आणि हिंदुस्थानातून येई. मोल मात्र कापणी, रंगाई आणि सफाई यांच्या कौशल्याला मिळे.

या कौशल्यामागे राजसत्ताही उभी होती. १८९६ साली इंग्रज सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसवले. आयात मालावरही तेवढेच शुल्क होते. आपल्या गिरण्यांना त्याचे संरक्षण मिळू नये, हाच हेतू. हा अन्याय सुमारे तीस वर्षे चालला. पुढे १९७४ ते २००४ या काळात श्रीमंत देशांनी कापड-आयातीवर कोटे लावले. १ जानेवारी २००५ रोजी ते उठले आणि त्याच वर्षी युरोपच्या बंदरांत चिनी कपड्यांचे ढीग अडकून पडले. सुतापासून शिवलेल्या कपड्यापर्यंतची साखळी चीनने आधीच उभी केली होती. दार उघडताच तयारीत असलेला आत शिरला.

आपण कुठे आहोत? २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के आयात शुल्क लादले. गिरण्यांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत उठवले. विदर्भातील शेतकरी धास्तावला, गिरणीमालक सुखावला. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नव्हते. परंतु रुईच्या क्विंटलमागे चार पैसे कोणाला, यावरच दोघे भांडत राहिले, तर कापडाच्या सफाईतून मिळणारी कमाई तिसराच नेणार, हे उघड आहे.

अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २०२४ साली झाली. तेथे केवळ सूतकताईची चाके फिरली, तर विदर्भाच्या पदरात फारसे पडणार नाही. कॉर्डरॉय, मखमल यांसारखे कापड विणणे, कापणे, रंगवणे तेथे व्हावे. लहान यंत्रमागधारकाला ही यंत्रे एकट्याने परवडणार नाहीत. त्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्रे हवीत. रंगाईचे सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्थाही पहिल्या दिवसापासून हवी. पंचगंगेचे झाले ते वर्धा नदीचे होता कामा नये.

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाची मोटार अडवताना बाबू गेनू हुतात्मा झाले. परदेशी कापड नाकारणे हे त्या पिढीचे स्वदेशी व्रत होते. आज तेवढ्यावर भागणार नाही. जगाने नाव घेऊन मागावे असे कापड कापसाच्या शेताशेजारी तयार करणे, हे आपल्या पिढीचे व्रत असले पाहिजे.